सातव्या सीटचा प्रश्न

तिला सगळे बसआत्या म्हणत. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं, उतरवायचं, मधल्या वेळात सांभाळायचं, हे तिचं काम. घरात ती भावाच्या मुलाची आत्या. दोन्ही हाका कधीतरी एकमेकींत मिसळल्या आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे विचारणारी माणसंही आता एकेक करून संपली होती. भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी लहान, चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलेला. त्याच्या घरात तिची मागच्या अंगाची एक खोली होती आणि त्या खोलीत सगळं जिथल्या तिथे असायचं.

बस चव्वेचाळीस सीटची होती आणि आत्याने त्या बसवर अठ्ठावीस वर्षं काढली. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी ती मुलांची यादी मांडीवर घ्यायची आणि कोण कुठे बसणार हे ठरवायची. शिक्षकांना वाटे, यात काय एवढं मोठं. पण भावंडं शेजारी बसवली की भांडतात, लांब बसवली की रडतात, म्हणून ती एकामागे एक बसवायची. खिडकीतून हात काढणाऱ्याला आतली जागा. ज्याच्या पोटात ढवळतं त्याला पुढे, चाकावरच्या सीटवर कधीच नाही, आणि हातात पुस्तक तर मुळीच नाही. "समोर रस्त्याकडे बघ. गाडी तूच चालवतोयस असं समज," ती सांगायची. औषधापेक्षा याचा गुण जास्त यायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "बाई, कुणाला उलटी होणार हे तुम्हाला त्याच्या आईच्या आधी कळतं." ती हसून विषय बदलायची. ती स्वतः बसायची नाही. दारापाशी दांडा धरून उभी राहायची, तोंड रस्त्याकडे आणि कान मागे.

पहिल्या वर्षी तिच्या हातून एक चूक झाली होती. सकाळची फेरी होती. मुलं शाळेच्या फाटकाशी उतरली, तिने डोकी मोजली, मध्येच कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली, मोजणी चुकली आणि ती चुकल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. बस आवारात जाऊन उभी राहिली, ड्रायव्हरने कुलूप लावलं. पाच वर्षांची एक मुलगी शेवटच्या रांगेत झोपेत सीटखाली घसरली होती. वर्गातून विचारणा झाली तेव्हा पन्नास मिनिटं उलटून गेली होती. आत्या पळत गेली. मुलगी रडत नव्हती. डबा उघडून खात बसली होती. आत्याला बघून शांतपणे म्हणाली, "मी हाका मारल्या. पण मागून ऐकू जात नाही."

मुलीच्या आईवडलांनी समजून घेतलं, शाळेने ताकीद देऊन सोडलं. आत्याने मात्र स्वतःला सोडलं नाही. त्या दिवसापासून दर फेरीनंतर ती शेवटच्या रांगेपर्यंत चालत जायची, प्रत्येक सीटला हात लावायची, वाकून खाली बघायची. अठ्ठावीस वर्षांत एकही दिवस यात खंड पडला नाही. ताप असला तरी नाही.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तेव्हा घरात मोठी गाडी घ्यायची टूम निघाली. टूम म्हणजे गरजच होती. जुनी गाडी पाच जणांची आणि माणसं सात. भाऊ, भावजय, भाचा, भाचेसून, त्यांची सात वर्षांची थोरली, अडीच वर्षांचा धाकटा आणि आत्या. धाकट्याची पट्ट्यांची बाळसीट बसवली की मागची अर्धी सीट गेलीच. आजवर कुठे जायचं निघालं की आत्या आपणहून म्हणायची, "तुम्ही जाऊन या. घराला कुणीतरी हवंच." घराला नेमकं काय हवं असतं, हे कुणी विचारलं नव्हतं. तशीच रीत पडून गेली होती.

भाचा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. यंत्र म्हटलं की त्याला भूक-तहान राहत नसे. त्याने तीन रांगांच्या गाड्यांचा इतका अभ्यास केला की परीक्षेला केला असता तर पहिला आला असता. जेवणाच्या टेबलावर तो रोज नवीन काहीतरी मांडायचा. छतावरची सरकती काच, गार हवा देणारी सीट, चारही बाजूंनी गाडी वरून दाखवणारा कॅमेरा.

"आणि मधल्या रांगेत कॅप्टन सीट," तो म्हणाला. "म्हणजे एकसलग बाक नाही. दोन वेगळ्या खुर्च्या, दोन्हींना हात टेकायला दांडे, मध्ये चालायला वाट. राजासारखं बसायचं."

"राजा कोण?" भावजयीने विचारलं.

"तू आणि बाबा."

"बाबा पुढे बसतील," भावजय म्हणाली. ते खरं होतं. पुढची सीट भावाची, हे घरात कायद्यासारखं होतं. वडीलधारा माणूस पुढे. शिवाय त्याचे पाय लांब.

आत्या कोशिंबिरीचं भांडं पुढे सरकवत म्हणाली, "गाडी कागदावर बघून घेऊ नका. धाकट्याची सीट बरोबर न्या, त्याची ढकलगाडी न्या, आणि सगळे जाऊन बसून बघा."

"तूही चल मग," भाचा म्हणाला. "यातलं कळणारी घरात तूच."

ती नको म्हणणार होती, पण हे बोलणं तिला आतून आवडलं आणि ती हो म्हणून बसली.

शोरूममध्ये त्यांना भेटली ती एक पन्नाशीची विक्रेती. सपाट बूट, कानामागे पेन. गोड बोलायची, पण थापा मारायची नाही. तिने एकाच गाडीचे दोन प्रकार शेजारी शेजारी दाखवले. एक सहा जणांचा, मध्ये दोन खुर्च्या. दुसरा सात जणांचा, मध्ये तिघांचा बाक. बाक दोन तुकड्यांत होता. आतल्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या मागे, दोघांचा मोठा तुकडा, फुटपाथच्या बाजूला एकाचा लहान.

भाचा छताकडे बघत होता, भाऊ पुढच्या सीटवर बसून पाय लांब करत होता, भावजय कप ठेवायच्या जागा मोजत होती. आत्याने पदर खोचला आणि ती थेट सातच्या गाडीच्या शेवटच्या रांगेत शिरली.

"मॅडम, तिथे जरा अडचण होईल," विक्रेती म्हणाली.

"अडचण कुठे होते तेच बघायला आलेय."

आत बसून तिने गुडघे समोरच्या सीटला लागतात का पाहिलं. लागत होते, पण मधली सीट दोन बोटं पुढे सरकवली की सुटत होते. खिडकीची काच उघडत नाही, हे तिला लगेच कळलं. हवा कुठून येते विचारलं. या प्रकारात छताला गार हवेचे झरोके आहेत, याहून स्वस्त प्रकारात नाहीत, असं विक्रेतीने सांगितलं. शेवटची रांग उभी असताना सामानाला किती जागा राहते, म्हणून तिने ढकलगाडी ठेवायला लावली. ढकलगाडी आडवी बसेना, उभी बसली, आणि मग तिच्याशेजारी एक पिशवी कशीबशी मावली.

"सातही माणसं नेलीत तर सामान न्यायचं नाही," आत्या म्हणाली. "हे आधीच समजून घ्या."

मग तिने धाकट्याची बाळसीट बाकाच्या लहान तुकड्यावर, फुटपाथच्या बाजूला बसवायला सांगितली आणि थोरलीला मागे बसवलं. "आता बाहेर ये."

थोरलीने समोरच्या सीटचा खटका ओढला. सीट हलली नाही. बाळसीट अडकवलेली असली की तो तुकडा पुढे कलंडतच नव्हता. थोरली दुसऱ्या बाजूला सरकली. तिथे मोठा तुकडा, तो तिच्याने हलेना. ती मागच्या मागे बसून राहिली आणि सगळ्यांकडे बघू लागली.

"बघा," आत्या भाच्याला म्हणाली. "काही झालं तर हिला कुणीतरी काढेपर्यंत तिथेच बसावं लागणार."

सहा जणांच्या गाडीत तोच प्रयोग केला. थोरली दोन खुर्च्यांमधल्या वाटेने स्वतःची स्वतः चार पावलांत बाहेर. आत्याने तिला तीनदा चढवलं-उतरवलं, एकदा डोळे मिटून.

"हीच घ्या," ती म्हणाली. "राजाच्या खुर्चीसाठी नाही, वाटेसाठी."

भाचा खूश झाला. त्याला हवं होतं तेच झालं, तेही आत्याच्या शिक्क्यानिशी. विक्रेतीने कानामागचं पेन काढलं. तेवढ्यात भाचेसून बोलली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. नळ्या मोजल्याशिवाय झाकण लावायचं नाही, ही तिची सवय.

"आत्या, यात सहाच होतात."

"पुरे की सहा."

"आपण सात आहोत."

"मी कुठे येते तुमच्याबरोबर? घराला कुणीतरी लागतंच." आत्या हे अगदी सहज म्हणाली, नेहमीसारखं. पण नेहमी ते निघायच्या घाईत बोललं जायचं. इथे शोरूमच्या पांढऱ्या दिव्यांखाली सगळे थांबून ऐकत होते, म्हणून ते वेगळंच ऐकू आलं. भाऊ गाडीच्या चाकाकडे बघू लागला. भावजय म्हणाली, "असं कसं, ताई?"

भाचेसून वाद घालणारी नव्हती. ती म्हणाली, "सातची गाडी चालवून तरी बघू. बाळसीट आतल्या मोठ्या तुकड्यावर लावू, म्हणजे फुटपाथकडची सीट मोकळी राहील. मागे बसून कसं वाटतं ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

आत्या स्वतःच्याच हुशारीत सापडली. नाही म्हणायला कारण शोधेपर्यंत ती शेवटच्या रांगेत थोरलीशेजारी बसली होती. भाऊ-भावजय शोरूममध्येच थांबले. भाचा चालवायला, पुढे त्याच्याशेजारी विक्रेती, मध्ये धाकटा आणि भाचेसून.

शहराबाहेर टेकडीवर जाणारा रस्ता होता. गाडी चढाला कशी ओढते ते बघायचं म्हणून भाच्याने तो धरला. पहिली दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याला आत्याने समोरच्या सीटची पाठ घट्ट धरली. तिच्यापुढे भाचेसुनेचं डोकं आणि करड्या कापडाची भिंत, रस्ता कुठे दिसतच नव्हता. विक्रेतीने गाडीतले स्पीकर किती चांगले आहेत ते ऐकवायला गाणं लावलं होतं. "गाडी थांबव," आत्या म्हणाली. कुणी मागे पाहिलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. आवाज मधल्या रांगेपर्यंतही पोचला नसावा. मग थोरलीने तिचा चेहरा पाहिला आणि ती अशी किंचाळली की भाच्याने गाडी कडेला घेऊनच ब्रेक दाबला.

भाचेसून उतरली, खटका ओढला, सीट कलंडली. आत्या बाहेर आली आणि रस्त्याकडेच्या दगडाला धरून वाकली. पोटातलं सगळं बाहेर पडलं. भाचेसून तिची पाठ चोळत उभी राहिली. भाच्याला तिने हाताने लांबच थांबायला सांगितलं.

पाणी पिऊन, तोंड धुऊन आत्या दगडावर बसली. मग म्हणाली, "सांगू नकोस घरी."

"गाडीतल्या सगळ्यांनी पाहिलंय, आत्या. काय सांगायचं नाही?"

"मला लागते गाडी. लहानपणापासून. बसले की लागते."

"आणि बसमध्ये अठ्ठावीस वर्षं?"

"उभी होते की. समोर बघत. पहिल्या महिन्यात दोनदा बसून पाहिलं, दोन्ही वेळा उतरल्यावर शाळेच्या मागे जाऊन..." तिने हात हलवला. "गाडी लागणारी बाई मुलांच्या बसवर कोण ठेवणार? मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पुढे सवय झाली. घरी सांगायचं राहून गेलं. आणि गाडीत मला जागा नसायचीच, त्यामुळे सांगायची वेळही आली नाही."

भाचेसुनेला इतकी वर्षं वाटत आलं होतं की आत्या मन मारून घरी राहते, आणि त्या विचाराने प्रत्येक सहलीत तिला थोडं अपराधी वाटायचं. आता तिला हसूही आलं आणि रागही. "म्हणजे यायचं मनात होतं की नव्हतं?"

खालच्या वळणावरून एक ट्रक चढत होता, तो दिसेनासा होईपर्यंत आत्या बघत राहिली. "होतं," ती म्हणाली. "पण ओकत जाण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. सहाचीच घ्या तुम्ही. आता तर पाहिलंत."

"पुढे बसून कधी पाहिलंय?"

"पुढे मी कशाला बसेन?"

"मुलांना पुढे का बसवायचात?"

आत्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू वर्गात पहिल्यांदाच कुणी बरोबर उत्तर दिलं असावं. लोकांच्या शेकडो पोरांना तिने हाताला धरून पुढच्या सीटवर नेलं होतं, आणि स्वतःसाठी हा उपाय तिला एकदाही सुचला नव्हता. सुचला असता तरी ती बोलली नसती, हेही तितकंच खरं.

परत निघताना विक्रेती न सांगता भाचेसुनेच्या जागी जाऊन बसली आणि भाचेसून मागे थोरलीपाशी गेली. आत्या पुढे. समोर अख्खी काच, तिच्यापलीकडे रस्ता. भाच्याने गाडी इतकी हळू घेतली की मागून एका सायकलवाल्याने घंटी वाजवली.

"नीट चालव रे," आत्या म्हणाली. "मी काही काचेचं सामान नाही."

वळणं तीच होती. प्रत्येक वळणाआधी तिला रस्ता कुठे जातोय ते दिसत होतं आणि अंग आपोआप तिकडे कलत होतं. तिसरं वळण गेलं, पाचवं गेलं. पायथ्याशी आल्यावर भाच्याने हळूच विचारलं, "काय म्हणतंय पोट?"

"भूक लागलीय," ती म्हणाली.

शोरूममध्ये परत आल्यावर खरा पेच पुढच्या सीटचा होता. भाचेसुनेने सासऱ्यांना झालं ते सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, काही वाढवलंही नाही. भाऊ ऐकत राहिला. लहानपणी एकदा लग्नाला जाताना ताईला बसमध्ये उलट्या झाल्या होत्या आणि वडील सगळ्यांदेखत तिला ओरडले होते, हे त्याला अंधुक आठवलं. नंतर ती कुठे गेलीच नव्हती. त्याने ते कधी जोडून पाहिलं नव्हतं. आयुष्यभर लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही हे तपासणारा माणूस, आणि घरातलं त्याला दिसलं नव्हतं.

"वडीलधारा माणूस पुढे बसतो, असंच ना आपल्याकडे?" तो शेवटी म्हणाला. "मग ताई माझ्यापेक्षा मोठीच आहे."

"अरे पण तुझे पाय," आत्या म्हणाली.

"पायांचं पाय बघतील."

त्याचे पाय फुटपाथकडच्या एकट्या सीटवर बरे मावले. ती सीट मागे सरकत होती. आतल्या मोठ्या तुकड्यावर खिडकीशी धाकट्याची बाळसीट आणि मध्ये भावजय. मागे भाचेसून आणि थोरली. थोरलीला बाहेर पडायचं असेल तर भावाने उतरायचं आणि खटका ओढायचा. आत्याने त्याच्याकडून तो दहा वेळा ओढून घेतला. "मागे माणसं आहेत तोवर तू निवांत बसायचं नाहीस," ती म्हणाली. "तू आता कामावर आहेस." थोरलीलाही मागून हात घालून तोच खटका सोडवायला शिकवलं. लहान तुकडा हलका होता, तिला जमला.

मागच्या झरोक्यांचा आणि छताच्या काचेचा मेळ मात्र बसेना. सातच्या गाडीत दोन्ही हवं असेल तर चार महिने थांबा, असं विक्रेती म्हणाली. भाच्याने छताकडे एकदा बघून घेतलं आणि झरोके घेतले. दोन दिवस त्याचं तोंड उतरलेलं होतं, मग तो नव्या कॅमेऱ्याच्या नादी लागला. सीटच्या कापडाचा रंग आत्याने निवडला. भावजयीला मलईचा रंग हवा होता. आत्याने तिला फक्त विचारलं, "चव्वेचाळीस पोरांच्या बसची सीट मलईची बघितलीय कधी?" काळपट तपकिरी रंग ठरला.

गाडी महिन्याभराने घरी आली. पहिल्यांदा कुठे जायचं, हे आत्याला विचारलं गेलं. हे नवीनच होतं. तिने विचार करायला एक दिवस घेतला आणि मग एका गावाचं नाव सांगितलं, जिथे घरातलं कुणी कधी गेलं नव्हतं. तिथे तिची शाळेतली मैत्रीण राहायची. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती डोंगरावर गेली आणि तिथलीच झाली. वर्षातून तीन-चार पत्रं, पुढे फोन. "ये ना एकदा," असं ती एकोणीस वर्षं म्हणत होती आणि आत्या एकोणीस वर्षं म्हणत होती, "जमेल तसं बघते." वरच्या रस्त्याला एकवीस वळणं होती. ती तिने कधीच विचारून ठेवली होती.

निघाले तेव्हा आत्याने आधी मागे जाऊन सगळ्यांचे पट्टे ओढून पाहिले आणि मगच पुढे बसली. पहिला अर्धा तास ती दर मिनिटाला मान मागे वळवत होती. भाऊ म्हणाला, "ताई, समोर बघ. नाहीतर तुलाच लागेल." मग तिने समोर पाहिलं. गाव मागे पडलं, शेतं आली, चढ सुरू झाला. अकराव्या वळणाला तिचं तोंड जरा कोरडं झालं. भाच्याने न विचारता काच खाली केली. थंड हवा आली. वर पोचेपर्यंत बाकी काही झालं नाही.

मैत्रीण फाटकाशी उभी होती. केस पूर्ण पांढरे, अंगात पुरुषी स्वेटर. दोघी एकमेकींना आधी नीट ओळखूही येईनात. मग मैत्रीण म्हणाली, "तू बुटकी झालीस."

"तू जाड झालीस," आत्या म्हणाली.

दोघी हात धरून आत गेल्या. भाऊ उतरला, त्याने खटका ओढला, भाचेसून आणि थोरली बाहेर आल्या. धाकटा झोपलेला होता, भावजयीने त्याला खांद्यावर घेतलं. चहाचं आधण आत केव्हाच उकळायला लागलं होतं. स्वयंपाकघरातून दोघी एकदमच बोलत असल्याचा आवाज येत होता. कोण काय म्हणतंय ते बाहेर कुणालाच कळत नव्हतं, आणि जेवायला बोलावेपर्यंत त्या काही थांबल्या नाहीत.